ओपनिंगवरचा हेडर : एलव्हीएल घ्यावा की ग्लुलॅम?

विटांच्या भिंतीत दारा-खिडकीवर आरसीसीचा लिंटेल टाकला की पुढचा विचार सहसा कोणी करत नाही. लाकडी चौकटीच्या घरात मात्र वरच्या छताचे वजन ठराविक अंतरावरच्या उभ्या लाकडी पट्ट्यांमधून, म्हणजे स्टडमधून, खाली उतरते, आणि ओपनिंग काढायचे म्हणजे त्यांतले काही स्टड तोडावेच लागतात. तोडलेल्या स्टडचे वजन उचलून दोन्ही बाजूंच्या खांबांवर नेणारा आडवा घटक म्हणजे हेडर. पुण्याच्या पेठांतील वाड्यांत हेच काम सागवानी तुळई करत असे. आज त्या आडमापाचा, सरळ आणि निर्दोष साग परवडत नाही, म्हणून मुळशी, पानशेत, भोर या बाजूंना लाकडी घर बांधणाऱ्यांच्या नकाशावर हेडरपुढे बहुधा एलव्हीएल (लॅमिनेटेड व्हीनियर लंबर) किंवा ग्लुलॅम (ग्लूड लॅमिनेटेड टिंबर) यांपैकी एक नाव असते. हे दोन्ही गोंदाने जोडलेले लाकूड असल्यामुळे एकाच्या जागी दुसरे चालेल असे कंत्राटदार सहज म्हणतो. ताकदीच्या हिशेबात ते पुष्कळदा खरेही ठरते, पण मागणीपत्र तेवढ्यावर लिहिले तर माल आल्यावर अडचणी सुरू होतात.

एलव्हीएल तयार करताना ओंडका फिरवून त्यावरून साधारण ३ मिलिमीटर जाडीचे पापुद्रे सोलतात, ते वाळवतात, आणि सगळ्यांचे तंतू एकाच, म्हणजे लांबीच्या दिशेने ठेवून फिनॉलिक गोंदाने गरम प्रेसमध्ये दाबतात. प्लायवूडशी त्याचे जे साम्य दिसते ते इथेच संपते, कारण प्लायमध्ये एकाआड एक थर आडवा असतो. त्यामुळे प्लाय दोन्ही दिशांना थोडा थोडा मजबूत राहतो आणि एलव्हीएल आपली सगळी ताकद एकाच दिशेला देतो. ग्लुलॅममध्ये पापुद्रे नसतात. तिथे युरोपात साधारण ४० ते ४५ आणि अमेरिकेत ३८ मिलिमीटर जाडीच्या कापीव फळ्या घेतात, त्यांची टोके फिंगर जॉइंटने, म्हणजे बोटांसारखे दात एकमेकांत बसवून, सांधून लांबी वाढवतात आणि त्या एकावर एक चिकटवतात. ही पद्धत जुनी आहे. वाकवलेल्या चिकटलाकडाचे पेटंट जर्मनीतील वायमारच्या ओटो हेट्झर यांनी १९०६ मध्ये घेतले होते.

कडेने पाहिले तर ओळख पटायला वेळ लागत नाही. एलव्हीएलच्या कडेवर गोंदाच्या बारीक, गडद रेघा दाटीने दिसतात आणि लांबीच्या कडेवर कुठेही आडव्या तंतूंचे टोक दिसत नाही. तसे एकाआड एक थरात दिसले तर तो प्लाय आहे, मग विक्रेता त्याला काहीही म्हणो. ग्लुलॅमच्या फळ्या दोन हातांवरूनही मोजता येतात आणि त्यांवर फिंगर जॉइंटची नागमोडी खूण असते.

पुण्यात खरी गफलत मात्र वेगळीच होते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा इतरत्र नुसता ‘एलव्हीएल’ मागितला तर समोर येणारा माल हेडरचा असेलच असे नाही. दरवाजाच्या चौकटींसाठी आणि फर्निचरसाठी पॉप्लर, निलगिरी किंवा रबरवूडचा एलव्हीएल असतो. चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांना यंत्रे पाठवण्यासाठी जी खोकी लागतात त्यांच्यासाठी पॅकिंग ग्रेडचा एलव्हीएल निराळा असतो. तिन्हींची कड वरवर सारखीच दिसते. पॅकिंग ग्रेडची ताकद आणि गोंद इमारतीच्या हिशेबाने ठरवलेले नसतात, म्हणून तो कितीही स्वस्त पडला तरी छताखाली घालू नये, हे माझे ठाम मत आहे. एलव्हीएलसाठी आयएस १४६१६ हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख मागावाच, पण त्याबरोबर वाकण्याची ताकद, कातर-ताकद आणि लवचिकता-गुणांक (लाकूड झुकण्याला किती विरोध करते त्याचे माप) यांचे आकडे असलेला तांत्रिक तक्ताही मागावा. तो देता येत नाही असे उत्तर आले तर तो माल हेडरचा नाही असे समजावे.

आता आकड्यांकडे वळू. समजा ३ मीटरचे ओपनिंग आहे आणि त्याच्या हेडरवर छताचा ३ मीटर रुंदीचा पट्टा बसतो. मंगलोरी कौले, त्यांखालचे लाकूडकाम, आतले सिलिंग आणि छतावर धरायचे चल वजन मिळून चौरस मीटरला १.७५ किलोन्यूटन धरले, तर हेडरवर मीटरला ५.२५ किलोन्यूटन येतात. ९० मिलिमीटर रुंद आणि २४० मिलिमीटर उंच हेडर घेतला तर वाकण्याचा ताण चौरस मिलिमीटरला सुमारे ६.८ न्यूटन निघतो. १३,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर गुणांकाचा एलव्हीएल या भाराखाली मधोमध साधारण ४.१ मिलिमीटर झुकेल आणि ११,५०० गुणांकाचा, म्हणजे जीएल २४ एच प्रतीचा, ग्लुलॅम साधारण ४.६ मिलिमीटर. लाकडी संरचनांच्या आयएस ८८३ या संहितेत कौले किंवा जिप्सम सिलिंगसारख्या ठिसूळ गोष्टी पेलणाऱ्या घटकाचा झोक गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, ३६० व्या भागापलीकडे जाऊ नये असे म्हटले आहे. म्हणजे इथे मर्यादा ८.३ मिलिमीटरची. दोन्ही आरामात बसतात, आणि त्यांच्यातला फरक अर्ध्या मिलिमीटरचा आहे. कायम वजनाखाली लाकूड वर्षानुवर्षे आणखी झुकत जाते, त्यासाठीची शिल्लक दोघांनाही ठेवावी लागते. वारा, वाऱ्याने छत उचलले जाणे आणि भूकंप यांचा हिशेब या उदाहरणात धरलेला नाही. भूकंपासाठीच्या आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे पुणे भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येते, तेव्हा अंतिम माप स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच काढावे.

गाळा दुप्पट केला तर काय होते, हे मालकाने एकदा तरी पाहावे. त्याच मापाच्या हेडरवर ६ मीटरचा गाळा टाकला तर ताण चौपट होतो आणि झोक सोळापट, म्हणजे ६६ मिलिमीटरच्या आसपास. परवानगी मात्र १६.७ मिलिमीटरचीच असते. रुंदी दुप्पट केल्याने झोक निम्माच होतो, उंची दुप्पट केल्याने तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून मोठ्या ओपनिंगसाठी खोलीच्या उंचीतून हेडरला जागा द्यावी लागते, आणि हा निर्णय खिडकीचे माप ठरवतानाच घ्यायला हवा, सुतार साइटवर उभा असताना नव्हे.

मग निवड कशावर करायची? माझ्या मते आधी भिंतीच्या जाडीवर, मग हेडर उघडा राहणार की झाकला जाणार यावर, आणि मग पावसावर. एलव्हीएलचा एक पट्टा साधारण ४५ मिलिमीटर जाड येतो. त्यामुळे ९० मिलिमीटरच्या स्टड-भिंतीत दोन पट्टे एकमेकांना खिळ्यांनी जोडले की माप अचूक बसते, आणि सुटे पट्टे दोन माणसे हातांनी चढवू शकतात. १४० मिलिमीटरच्या भिंतीत मात्र तीन पट्टे १३५ वर येतात आणि उरलेले ५ मिलिमीटर पट्टीने भरावे लागतात. तिथे त्याच रुंदीचा अखंड ग्लुलॅम सुटसुटीत पडतो, फक्त तो उचलायला जास्त हात लागतात. जोडलेल्या पट्ट्यांवर वजन एकाच बाजूने येत असेल, म्हणजे छताच्या आडव्या कड्या धातूच्या हँगरने फक्त आतल्या पट्ट्याला टांगल्या असतील, तर खिळ्यांवर न थांबता बोल्ट किंवा स्ट्रक्चरल स्क्रूंची रचना इंजिनिअरकडून घ्यावी.

हेडर दिवाणखान्यात उघडा दिसणार असेल तर प्रश्नच उरत नाही. ग्लुलॅमला पॉलिश केल्यावर तो लाकडासारखा दिसतो, एलव्हीएल प्लायच्या थप्पीसारखा. आगीच्या बाबतीत दोघांत निवड करण्यासारखे काही नाही. युरोपीय संहितेत सूचिपर्णी ग्लुलॅम आणि एलव्हीएल या दोघांसाठीही मिनिटाला ०.७ मिलिमीटर हाच कोळसा होण्याचा वेग धरलेला आहे.

पावसाचे मात्र तसे नाही. एलव्हीएल कारखान्यातून ८ ते १० टक्के ओलाव्यावर निघतो आणि त्याच्या कडांवर व टोकांवर पाणी साचले तर पापुद्रे ते ओढून घेतात. पट्टे फुगतात, बशीसारखे वाकतात आणि मग दोन पट्टे एकमेकांना नीट भिडत नाहीत. ताम्हिणीच्या बाजूला जूनमध्ये चौकट उघडी राहणार असेल तर ग्लुलॅम थोडा अधिक सोसतो, पण कायम भिजण्यासाठी दोन्ही बनलेले नाहीत. वाळवीसाठीची प्रक्रिया कारखान्यातच झालेली असावी. साइटवर ब्रशने फासलेले औषध आत खोल जात नाही.

ग्लुलॅमची एक खोड एलव्हीएलला नाही. पुष्कळ ग्लुलॅममध्ये खालच्या, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या, बाजूच्या फळ्या वरच्यांपेक्षा चांगल्या प्रतीच्या घातलेल्या असतात आणि वरच्या अंगावर ‘टॉप’ असा शिक्का असतो. असा हेडर उलटा बसवला तर त्याची ताकद बरीच घटते, आणि प्लास्टर झाल्यावर ते कोणालाच कळत नाही. प्रतीच्या नावांतही एक सापळा आहे. युरोपीय जीएल २४ मधील २४ ही न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमधली वैशिष्ट्यपूर्ण (चाचण्यांवरून ठरवलेली) ताकद आहे, तिला सुरक्षा-गुणकांनी कमी करूनच वापरायचे असते. अमेरिकी २४ एफ मधील २४ म्हणजे चौरस इंचाला २,४०० पौंड हा मान्य ताण, म्हणजे सुमारे १६.५ न्यूटन. आकडा एकच असला तरी दोन्ही प्रती एक नव्हेत.

मागणीपत्रात लांबी लिहिताना ओपनिंगचे माप देऊ नये, हेडरचे द्यावे. दोन्ही टोकांना बेअरिंग, म्हणजे आधारावर टेकणारी लांबी, लागते. वरच्या उदाहरणात प्रत्येक टोकावर सुमारे ७.९ किलोन्यूटन येतात, आणि ४५ मिलिमीटरच्या बेअरिंगवर दाब चौरस मिलिमीटरला २ न्यूटनच्या आत राहतो, तेव्हा तयार लांबी किमान ३.०९ मीटर धरून टोके छाटण्यासाठी थोडी वाढ द्यावी. बाजारात घनफुटाचा भाव चालतो आणि आयात माल घनमीटरने येतो. एका घनमीटरचे ३५.३ घनफूट होतात, तुलना करण्याआधी हे रूपांतर करून घ्यावे. एलव्हीएल मागवताना पट्टे किती, जोडून हवे की सुटे, हेही लिहावे. ग्लुलॅमसाठी रचना दोन्ही बाजूंनी समान आहे की एकतर्फी, आणि त्याला वरच्या बाजूला मुद्दाम फुगवटा दिलेला आहे का, हे विचारावे. छोट्या हेडरला तो फुगवटा नकोच असतो, कारण त्यावरची खिडकीची चौकट सरळ रेषेत बसत नाही.

माल उतरताना प्रत्येक नगावरचा शिक्का तक्त्याशी ताडून पाहावा, तो जमिनीपासून उचलून ठोकळ्यांवर रचावा आणि ताडपत्री वरून टाकली तरी बाजू हवेसाठी मोकळ्या ठेवाव्यात. इलेक्ट्रिशियनला आधीच सांगून ठेवावे की हेडरच्या खालच्या कडेला खाच पाडायची नाही आणि पाइपसाठी छिद्र हवे असल्यास जागा व व्यास इंजिनिअरकडून लिहून घ्यायचा.