वयस्कर मांजरीसाठी पिसवांचे औषध : आजच्या निवडीमागचा इतिहास

मांजरीच्या अंगावरच्या पिसवा मारण्याची औषधे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलली, आणि त्यांतल्या बऱ्याच बदलांमागे आधीच्या औषधाने केलेला अपाय होता. दहा वर्षांपुढच्या मांजरीच्या बाबतीत हा इतिहास माहीत असणे विशेष गरजेचे आहे, कारण ही औषधे तपासली जातात ती सहसा तरुण आणि निरोगी जनावरांवर. वेष्टनावर बहुधा ‘आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लांना वापरू नये’ अशी वयाची खालची मर्यादा छापलेली असते. वरची मर्यादा नसते. म्हाताऱ्या किंवा अशक्त जनावरासाठी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा, एवढी एक ओळ बारीक अक्षरांत असते आणि खरी जोखीम त्या ओळीतच असते.

कुत्र्या-मांजरांवर सर्वाधिक आढळणारी पिसू एकाच जातीची, टेनोसेफॅलिडिस फेलिस, म्हणजे मांजरपिसू. आपल्याकडे पिसू हा आरोग्याचा विषय झाला तो 1896 च्या मुंबईतल्या प्लेगनंतर. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगाने आणि पुढे 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामाने प्लेगचा प्रसार पिसवांमार्फत होतो हे सिद्ध झाले. ती उंदरावरची पिसू, जात वेगळी. पण मांजरपिसूही केवळ खाज आणणारी नाही. तिच्यामार्फत मांजरीच्या पोटात फीतकृमी जातात, मांजरीने ओरबाडल्यावर माणसाला होणाऱ्या तापाचा जिवाणू मांजरांमध्ये तीच पसरवते, आणि संख्या वाढली तर रक्त पिऊन ती अशक्त जनावराला रक्तक्षयापर्यंत नेते. म्हातारी मांजर आहे, उगाच औषध कशाला, हा विचार त्यामुळे दिसतो तितका सुरक्षित नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपात पिसवांवर चालणारे मुख्य औषध म्हणजे पायरेथ्रम, दाल्मेशियाच्या (आजच्या क्रोएशियातल्या) किनाऱ्यावर वाढणाऱ्या, शेवंतीच्या कुळातल्या पांढऱ्या फुलांची भुकटी. तिच्यातली द्रव्ये कीटकांच्या मज्जासंस्थेवर झपाट्याने काम करतात, पण उन्हात लवकर विघटित होतात. हा टिकाऊपणाचा अभाव त्या काळी दोष मानला गेला आणि पुढच्या पिढीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तोच दूर करण्याचा ध्यास घेतला. स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांना 1939 मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला आणि त्याबद्दल 1948 चे नोबेल पारितोषिक मिळाले. महिनोन्महिने टिकणारी पावडर माणसांच्या कपड्यांवर, घरांच्या भिंतींवर आणि जनावरांच्या अंगावरही पडू लागली. मांजरीचे मात्र एक आहे : ती दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटत असते आणि अंगावर टाकलेले जे काही जिभेला लागेल ते तिच्या पोटात जाते. कुत्र्याच्या अंगावर राहणारी पावडर मांजरीच्या बाबतीत तोंडाने दिलेले औषध होते, ही गोष्ट पशुवैद्यांना अनुभवाने कळत गेली.

साठच्या दशकात गळ्यातले पट्टे आले. त्यांत डायक्लोरव्हॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्ये असत, आणि त्यांची वाफ जनावराभोवती सतत राहत असे. शिवाय अंगाला पावडर आणि घरात फवारा याच गटातला असला, तर तिन्हींचा भार एकाच शरीरावर पडे. लाळ गळणे, बाहुल्या आकसणे, अंग थरथरणे ही त्या विषबाधेची लक्षणे. एका औषधावर दुसरे टाकू नये हा आजचा नियम या अनुभवातून आला.

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये परमेथ्रिन जाहीर केले. पायरेथ्रमच्याच धर्तीचा पण उन्हात टिकणारा हा रेणू शेतीसाठी मोठाच शोध होता, आणि पुढे कुत्र्यांच्या पाठीवर टाकायच्या थेंबांतही तो आला. कुत्र्याला हे थेंब सोसतात. मांजरीला त्यांनी कंप सुटतो, आकडी येते आणि वेळेवर उपचार न झाल्यास जीवही जातो. याचे कारण मांजरीच्या यकृतात शोधावे लागते. अनेक परकी रसायने यकृत ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडून शरीराबाहेर टाकण्याजोगी करते, आणि मांजरीत ही सोय फार तोकडी आहे. त्यासाठी लागणारे एक महत्त्वाचे जनुक मांजरीत निकामी झालेले आहे, हे पॅरासिटामॉलच्या संदर्भात 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. परमेथ्रिन न पचण्यामागेही हाच उणेपणा असल्याचे मानले जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2009 मध्ये अशा थेंबांबाबत इशारा दिला, आणि पुढच्या तपासणीत कुत्र्यांसाठीची उत्पादने मांजरींवर वापरली जाणे हा एक ठळक प्रश्न असल्याचे समोर आले.

याच कारणाने आपल्या घरातले काही जुने उपायही मांजरीला चालत नाहीत. फिनाईल, कापूर, डांबरगोळ्या आणि अलीकडे ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे टी ट्री तेल, हे सगळे मांजरीच्या यकृताला जड जाते. उवांसाठी खेड्यापाड्यांत वापरली जाणारी सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा करते. वनस्पतीपासून आलेले म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मला यातली सर्वांत धोकादायक वाटते, कारण ती अत्यंत मायेपोटी अमलात आणली जाते.

खरे वळण नव्वदच्या दशकात आले. ल्युफेन्युरॉन हे द्रव्य पिसू मारतच नव्हते. पिसवांच्या अंड्यांतून आणि अळ्यांतून पुढची पिढी घडू देत नव्हते. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही मानेवर टाकायची द्रव्ये कीटकांच्या मज्जातंतूंवर सस्तन प्राण्यांच्या तुलनेत कितीतरी अधिक घट्ट पकड घेतात, आणि थेंब टाकल्यावर त्वचेच्या तेलकट थरात पसरून बहुतांशी तिथेच राहतात. 1999 मध्ये आलेले सेलामेक्टिन त्वचेतून रक्तात जाते. त्याच्या माहितीपत्रकात आजारी, अशक्त किंवा वजन घटलेल्या मांजरीला देऊ नये असे स्पष्ट म्हटलेले आहे. पाठोपाठ तोंडाने द्यायचे नायटेनपायरम आले. ते अर्ध्या तासात काम सुरू करते आणि एक-दोन दिवसांत बहुतांश लघवीवाटे निघून जाते. त्यानंतरचा गट आयसॉक्झाझोलिनांचा, म्हणजे कीटकांच्या मज्जासंस्थेवरच काम करणाऱ्या नव्या द्रव्यांचा. त्यातल्या फ्लुरालानरचा एक डोस बारा आठवडे पुरतो. मात्र 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या गटामुळे काही कुत्र्या-मांजरांत कंप, तोल जाणे आणि आकडी असे त्रास दिसल्याचे सांगून सावध केले, जरी बहुसंख्य जनावरांना ही औषधे सोसतात असेही त्याच वेळी नमूद केले.

या सगळ्याकडे म्हाताऱ्या मांजरीच्या बाजूने पाहिले की टिकाऊपणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. उतारवयात मांजरींना मूत्रपिंडांचा जुनाट विकार आणि थायरॉइडचा अतिरेक हे दोन आजार वारंवार होतात. दोन्हींत वजन हळूहळू घटते आणि केस दाट असल्यामुळे ते हात लावल्याशिवाय कळत नाही. सांधे दुखत असल्याने ती पूर्वीसारखी अंग चाटत नाही, म्हणून पिसवा वाढतात. अशा शरीरात गेलेले बारा आठवड्यांचे औषध त्रास झाला तरी परत काढता येत नाही. म्हणून आकडीचा इतिहास असलेल्या किंवा प्रकृती डळमळीत असलेल्या मांजरीला कमी मुदतीचे, एकाच घटकाचे आणि शक्यतो त्वचेवरच राहणारे औषध आधी विचारात घ्यावे, असे माझे मत आहे. नायटेनपायरम अल्पजीवी असले तरी मूत्रपिंडांतून बाहेर पडते, त्यामुळे त्याचा निर्णय रक्ततपासणी पाहूनच पशुवैद्याने करावा. मोठ्या कुत्र्याची ट्यूब आणून सिरिंजने थोडे थोडे मांजरीला टाकण्याची काटकसर तर कधीच करू नये : मांजरीसाठीच्या फिप्रोनिलच्या पिपेटमध्ये, म्हणजे एका डोसाच्या छोट्या नळीत, केवळ अर्धा मिलिलिटर औषध असते, आणि कुत्र्यांच्या काही पिपेटांत फिप्रोनिलसोबत परमेथ्रिनही असते.

औषधाआधी पिसवा आहेत याची खात्री करणे सोपे आहे. बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडापासून पाठीवर फिरवून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवले आणि काही क्षणांत त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजरीचेच पचलेले रक्त. त्याच वेळी तिचा ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी नसून पांढुरक्या असतील तर औषधाच्या दुकानाऐवजी आधी दवाखाना गाठावा.

अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या साधारण 5 टक्केच असतात. उरलेली अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, सतरंजीत, फरशीच्या भेगांत असतात. अळ्यांना दमट हवा लागते, म्हणून कोकणपट्टीत पावसाळ्यात आणि त्यानंतर त्रास वाढतो. कोषावर मात्र बहुतेक फवाऱ्यांचा परिणाम होत नाही, आणि त्यातून पिसवा कित्येक आठवडे, कधी महिनेही, बाहेर पडत राहतात. औषध टाकूनही पंधरा दिवसांनी पिसू दिसली म्हणजे औषध वाया गेले असे नाही; ती बहुधा नुकतीच कोषातून आलेली असते आणि मांजरीवर चढल्यावर मरणारच असते. म्हाताऱ्या मांजरीला याच टप्प्यावर घाईने दुसरा डोस किंवा दुसऱ्या गटाचे औषध दिले जाते. तो काळ अंथरुणे गरम पाण्यात धुणे, रोज केर काढणे आणि फणी फिरवणे यांवर निभावून न्यावा, आणि पुढचा डोस ठरलेल्या तारखेलाच, त्या दिवशी पुन्हा वजन करून द्यावा.