पिंग काऊन वाढते? नेटच्या रस्त्यांची पार्श्वभूमी

यवतमाळ-वाशीमच्या पट्ट्यात आता बऱ्याच गावात फायबर आलं, स्पीड टेस्ट मारली की आकडा चांगला दिसते, तरी पोट्टे बोंबलतातच का गेममध्ये पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, मिलिसेकंदात म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात) २५० दाखवते म्हणून. मग सगळ्यांचं ठरलेलं, "खेड्यात असंच राहणार बाप्पा." पण यात खेड्याचा दोष लय थोडा आहे.

आधी हिशोब बघा. फायबरमध्ये उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर पळते, म्हणजे १०० किलोमीटर दूर जाऊन परत यायला १ मिलिसेकंद. दारव्ह्याहून नागपूर दीडशे किलोमीटर धरा, दीड-दोन मिलिसेकंदात काम झालं. पुढं मुंबई सरळ रेषेत ७०० च्या आसपास, तिथं ७. टॉवरवरचं नेट असलं तर हवेतला वेळ वेगळा, तो कधी २० कधी ५०, अन् संध्याकाळी विचारूच नका. तरी २५० कुठून आले?

एक कारण जुनं आहे, गेमचा सर्व्हर युरोपात असला तर ते लागू होते. १८७० साली इंग्रजांनी मुंबईहून एडन, सुएझ अशी समुद्राखालून तारेची केबल नेली. आजच्या युरोपकडं जाणाऱ्या बहुतेक केबलीही तांबड्या समुद्रातून इजिप्तवरूनच जातात, १९९७ ची फ्लॅग अन् २००५ ची सी-मी-वी ४ सुद्धा. मुंबई-लंडन सरळ ७,२०० किलोमीटर, म्हणजे ७२ च्या खाली कोणी जाऊच शकत नाही, पण वळसा घेत घेत प्रत्यक्षात शंभराच्या वरच भेटते. अन् सगळे एकाच बोळातून जातात म्हणून जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातलं नेट रखडलं, सप्टेंबर २०२५ ला तांबड्या समुद्रात तुटल्या तेव्हाही ट्रॅफिक लांबून फिरवावा लागला अन् पिंग वाढली.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला एका मीटिंगच्या वेळी कर्क लॉघीड अन् याकोव रेख्टर जेवायला बसले अन् नॅपकिनवर बीजीपीचा, म्हणजे नेटवर्कांमधला रस्ता ठरवणाऱ्या नियमाचा, आराखडा काढला. एका कंपनीचं नेटवर्क दुसऱ्या कंपनीला "हा पत्ता माझ्याकडून भेटते" असं सांगते, तो नियम. गंमत अशी का बीजीपीला किलोमीटर समजत नाही न् मिलिसेकंदही समजत नाही. तो मधात किती नेटवर्क लागतात ते मोजते, अन् त्याच्याही आधी कंपनीनं लावलेली पसंती बघते, म्हणजे कोणता रस्ता आपल्याला पैसे देते, कोणता फुकट आहे, कोणत्याला आपण पैसे मोजतो. एसटीसारखंच, शेजारचं गाव शिवेपलीकडं दिसते पण गाडी नाही, तर आधी तालुक्याला जा अन् तिथून दुसरी पकडा.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं सामान्य माणसाला नेट दिलं, त्यानंतर कंपन्या वाढल्या पण एकमेकींना देशात जोडायच्या नाहीत, म्हणून भारतातल्या भारतातला मेल परदेशात जाऊन परत यायचा. हे थांबवायला २००३ मध्ये निक्सी नावाची संस्था उभी केली, इथंच अदलाबदल करा म्हणून. फरक पडला, पण सगळा ट्रॅफिक तिथून जातच नाही, ज्याचा त्याचा करार वेगळा.

म्हणून एकाच ओट्यावर बसून दोन सिमवर एकाच मुंबईच्या सर्व्हरला एकाची पिंग ४५ अन् दुसऱ्याची १८० भेटते. बघायचं असलं तर कम्प्युटरवर ट्रेसर्ट (tracert) मारा, मधातला एकेक राऊटर अन् तिथपर्यंतचा वेळ दाखवणारी कमांड आहे ती. पहिली ओळ घरचा राऊटर, १ मिलिसेकंद. मग कंपनीचं नागपूर, मग मुंबई २०-२५ वर, अन् मग एकदम ७०-८० ची उडी अन् राऊटरच्या नावात एसआयएन असं काही दिसलं तर समजा गडी सिंगापूरला पोचला. मधात नुसते तारे दिसले तर घाबरू नका, तो राऊटर उत्तर देत नाही एवढंच. शिवाय परतीचा रस्ता वेगळा असू शकते, तो ट्रेसर्टमध्ये दिसतच नाही, त्यासाठी समोरच्या टोकावरून मारावा लागते.

२०११ ला मंजूर झालेल्या भारतनेटनं (तेव्हा नाव वेगळं होतं) ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आणायचं ठरवलं, ते पाहिजेच होतं, टॉवरवरच्या २०-५० चा त्रास त्यानं जाते. पण सिंगापूरचा वळसा काढायचा तर तुमच्या कंपनीला मुंबईत त्या गेमवाल्याच्या नेटवर्कशी थेट जोडणी घ्यावी लागते, अन् ते कस्टमर केअरच्या पोराच्या हातात नाही, त्याला शिव्या देऊन काही उपयोग नाही.