फ्लॅप म्हणजे विमानाचे ब्रेक नव्हेत

"विमान उतरताना पंखामागच्या पट्ट्या खाली येतात, तेच त्याचे ब्रेक," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पट्ट्या सरकताना घरघर ऐकू येते आणि विमान मंदावल्याचं जाणवतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच आहे.

पण याच पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, उड्डाणाआधीही थोड्या उघडलेल्या असतात. तेव्हा तर वेग वाढवायचा असतो!

पंखाची उचल, म्हणजे विमानाला वर धरणारा जोर, वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला, तर उचल एक चतुर्थांश उरते. वजन मात्र तेवढंच राहतं. बोइंग ७३७ धावपट्टीकडे येतं ते साधारण ताशी २५० किलोमीटर वेगाने. इतक्या संथ वेगात ते तोलून धरायला पंख जास्त रुंद आणि जास्त वक्र हवा, आणि फ्लॅप नेमकं तेच करतात. हवेचा अवरोधही वाढतो, हे खरं. उतरताना तो उपयोगीच पडतो, पण तो जोडीला आलेला फायदा. म्हणूनच ७३७ मध्ये उड्डाणाला फ्लॅपच्या दांड्यावरची बहुधा १ किंवा ५ ही खूण पुरते, तर उतरताना ३० किंवा ४०; आकडा मोठा, तितके फ्लॅप जास्त उघडे.

ब्रेक असतात चाकांत. चाकं टेकताच पंखाच्या वरच्या बाजूच्या फळ्या उभ्या राहतात, त्या स्पॉयलर. त्या उचल मोडतात, भार चाकांवर येतो आणि ब्रेक नीट पकडतात. इंजिनांचा उलटा झोतही हातभार लावतो.

पडताळायचं असेल तर पंखाच्या किंचित मागची खिडकी घ्या आणि उड्डाणाआधीच बाहेर पाहा.