एका उजेडाचे बत्तीस वाटेकरी: वर्णपटीय सूक्ष्मदर्शनाची पार्श्वभूमी

प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पेशी अशी झळकते की उजेडाला तोटा नाही असे वाटावे. प्रत्यक्षात तिथे उजेडाचा दुष्काळच असतो. रंगद्रव्याचा रेणू सर्व दिशांना प्रकाश फेकतो आणि तेलात बुडवलेले, 1.4 न्यूमरिकल ॲपर्चरचे (प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचे माप) उत्तम वस्तुभिंगही त्यातला जेमतेम 30 टक्के गोळा करते. आरसे, पिनहोल (बारीक छिद्र) आणि फिल्टर यांतून वाचून जे फोटॉन डिटेक्टरपर्यंत येत, त्यांतला फार तर पाचातला एक जुन्या फोटोमल्टिप्लायर नळीत (फोटॉनचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या नळीत) मोजला जाई. वर्णपटीय डिटेक्टर हाच तुटपुंजा उजेड रंगांनुसार आणखी वाटून घेतो. त्याच्या इतिहासाकडे मी या वाटणीचा इतिहास म्हणूनच पाहतो.

सुरुवातीला वाटणीचा प्रश्नच नव्हता. 1852 मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने दाखवून दिले की प्रतिदीप्त पदार्थ जो प्रकाश शोषतो त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो. म्हणून आत जाणाऱ्या प्रकाशाला एक गाळणी आणि बाहेर येणाऱ्याला दुसरी लावली की काम भागे. 1957 मध्ये मार्विन मिन्स्कीने कॉन्फोकल (पिनहोलने नमुन्याच्या एकाच पातळीचा उजेड निवडणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1980च्या दशकात लेझरवर चालणारी अशी यंत्रे प्रयोगशाळांत रुळली, तरी गाळण्यांची पद्धत तीच राहिली. रुंद पट्ट्याचा चांगला फिल्टर फारसा उजेड खात नाही. मात्र आत आलेला फोटॉन नेमका कोणत्या रंगाचा होता, हे तो सांगत नाही.

अडचण आली ती हिरव्या प्रथिनामुळे. ओसामु शिमोमुरा यांनी 1962 मध्ये एका जेलीफिशमधून जीएफपी (हिरवे प्रतिदीप्त प्रथिन) वेगळे केले होते. 1994 मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते दुसऱ्या सजीवांत चमकवून दाखवले आणि रॉजर चिन यांच्या प्रयोगशाळेतून त्याचे निळे, पिवळे भाऊबंद बाहेर पडले. हिरव्याचे शिखर 509 नॅनोमीटरच्या आसपास, पिवळ्याचे 527च्या. मधले अंतर 20 नॅनोमीटरही नाही आणि दोघांचे वर्णपट एकमेकांवर चढलेले. कोणताही फिल्टर लावा, एकाचा उजेड दुसऱ्याच्या खात्यात जमा होणारच.

रंग सोडवण्याची एक वाट 1996 मध्ये गुणसूत्रांच्या अभ्यासातून निघाली होती. स्पेक्ट्रल कॅरिओटायपिंगमध्ये पाच रंगद्रव्यांच्या वेगवेगळ्या मिश्रणांनी माणसाची 24 प्रकारची गुणसूत्रे रंगवत आणि इंटरफेरोमीटरने (प्रकाशलहरी एकमेकींवर चढवून मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक बिंदूचा वर्णपट काढत. यात एका वेळी एकच रंग आत घेऊन बाकीचे फेकायचे नसतात; सगळे रंग एकत्र कॅमेऱ्यावर येतात आणि गणिताने सुटे होतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइज (मोजणीतला अनियमित चढउतार) मोठा असेल तेव्हा याचा खरा लाभ होतो. नॉइज फोटॉनच्याच संख्येतून येत असेल, तर तो लाभ विरघळतो. शिवाय चित्रांमागून चित्रे घ्यावी लागतात. काचेवर चिकटवलेले गुणसूत्र तेवढे थांबते, जिवंत पेशी थांबत नाही.

कॉन्फोकल यंत्रांत दोन घराणी झाली. 1990च्या दशकाच्या अखेरीस लायका कंपनीने लोलक आणि सरकत्या फटी वापरल्या. लोलक उजेड फारसा गमावत नाही आणि दोन-तीन रंगच हवे असतील तर ही रचना फार काटकसरी आहे. पण पूर्ण वर्णपट हवा असेल तर फट पायरीपायरीने सरकवावी लागते. दर पायरीला बाकीचा उजेड वाया जातो, आणि नमुना फिका पडत गेल्याने शेवटच्या पायऱ्यांवरचे रंग खऱ्याहून मंद भासतात. म्हणजे जो वर्णपट मोजायचा, तोच मोजता मोजता बिघडतो.

झाइस कंपनीने 2001 मध्ये दुसरी वाट धरली. एलएसएम 510 मेटा या यंत्रात ग्रेटिंगने (बारीक रेघांच्या पट्टीने) उजेड रंगांनुसार पसरवून 32 खणांच्या फोटोमल्टिप्लायरवर सोडला, दर खणाला सुमारे 10.7 नॅनोमीटर. इथे 90 टक्के फोटॉन पकडणारा सीसीडी (कॅमेऱ्यातली प्रकाशसंवेदी चिप) का लावला नाही, हा प्रश्न रास्त आहे. 512 गुणिले 512 बिंदूंचे चित्र सेकंदभरात हवे असेल तर एका बिंदूला 4 मायक्रोसेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात प्रत्येक बिंदूचा वर्णपट वाचून काढणे त्या काळच्या सीसीडीला झेपणारे नव्हते, आणि घाईने वाचले की वाचनाचा नॉइज वाढतो. वेगासाठी संवेदनक्षमता सोडावी लागली.

या सोडण्याची किंमत आकड्यांत पाहावी. एका बिंदूतून 1000 फोटॉन आले तर त्यांच्या मोजणीत साधारण 3 टक्के चढउतार असतो. तेच 32 खणांत सारखे वाटले तर प्रत्येकाला 31 येतात आणि चढउतार 18 टक्क्यांवर जातो. बेरीज केली तर फोटॉन परत मिळतात, पण प्रत्येक खणाने घातलेली इलेक्ट्रॉनिक भर परत जात नाही. त्यात ग्रेटिंग एका ध्रुवणाचा (प्रकाशलहरीच्या कंपनदिशेचा) प्रकाश नीट वळवते आणि दुसऱ्याचा बराचसा सोडून देते. निकॉनने आपल्या यंत्रात ग्रेटिंगपूर्वी ध्रुवण एका दिशेला आणले. झाइसने पुढच्या पिढीत न वळलेला उजेड पुन्हा ग्रेटिंगवर फिरवला. जो उजेड एरवी हिशेबातूनच गळला असता, त्याच्यामागे लागलेल्या या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मोठी भरपाई झाली ती गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडच्या कॅथोडने, म्हणजे फोटोमल्टिप्लायरच्या फोटॉन टिपणाऱ्या पृष्ठभागाने. हिरव्या-पिवळ्या भागात तो 40 टक्क्यांच्या आसपास फोटॉन मोजतो, जुन्याच्या साधारण दुप्पट. मात्र 700 नॅनोमीटरपलीकडे त्याची नजर मंदावते, त्यामुळे गडद लाल रंगद्रव्ये वापरणाऱ्यांना या वाटणीत फारसे काही मिळाले नाही.

गणिताची बाजूही यातच येते. कॅलटेकच्या मेरी डिकिन्सन, स्कॉट फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मिसळलेले वर्णपट रेषीय समीकरणांनी सोडवून दाखवले. पण दोन वर्णपट जितके सारखे, तितका सोडवताना नॉइज फुगतो. मंद नमुन्यात तर रंग नसलेल्या जागीही रंग उमटतो. फ्रेझर यांनी हा प्रश्न सोडला नाही. 2017 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून फ्रान्चेस्को कुत्राले आणि त्यांच्या गटाने वेगळा मार्ग मांडला: प्रत्येक बिंदूच्या वर्णपटाचे फूरिये रूपांतर (लहरींच्या रूपात विघटन) करून त्याला एका प्रतलावरचा ठिपका मानायचे आणि नॉइज त्या प्रतलावरच गाळायचा. त्यामुळे झेब्राफिशच्या जिवंत भ्रूणात, कमी उजेडातही, अनेक रंग एकाच वेळी सुटे करता आले.