इराणचे परराष्ट्र धोरण व प्रादेशिक सुरक्षा

इस्लामी क्रांतीनंतर (१९७९) इराणने बाहेरच्या जगाशी, विशेषतः पश्चिम आशियातील शेजाऱ्यांशी ठेवलेल्या संबंधांची चौकट. ‘ना पूर्व, ना पश्चिम’ (ना सोव्हिएत गट, ना अमेरिकी गट) ही क्रांतीची घोषणा आणि जगभरच्या पीडितांची बाजू घेणारे राज्यघटनेचे १५४ वे कलम यांमुळे हे धोरण निव्वळ धर्मप्रेरित असल्याचा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. या धोरणाची खरी घडण इराकबरोबरच्या आठ वर्षांच्या युद्धात झाली.

२२ सप्टेंबर १९८० रोजी सद्दाम हुसेन यांच्या फौजा इराणमध्ये घुसल्या, तेव्हा तेहरानमधील वकिलातीतले अमेरिकी कर्मचारी ओलीस होते आणि इराण एकाकी पडला होता. क्रांतीपूर्वी शहांच्या, म्हणजे पदच्युत राजाच्या, काळात घेतलेल्या अमेरिकी विमानांना सुटे भाग मिळेनात. खोर्रमशहर महिनाभराच्या झुंजीनंतर पडले. तिथे इतके रक्त सांडले की लोक त्याला ‘खूनीनशहर’ म्हणू लागले. २८ जून १९८७ रोजी इराकी विमानांनी सरदश्त या कुर्दी गावावर मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकले. शंभरावर माणसे गेली, हजारो होरपळली. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे आयुष्यभर खोकला आणि धाप यांनी सोडले नाही. तरीही सुरक्षा परिषदेने इराकवर निर्बंध घातले नाहीत. या मौनाची जखम लक्षात न घेता इराणचा आंतरराष्ट्रीय आश्वासनांवरचा अविश्वास समजणे अवघड आहे.

आपल्यासाठी कोणी धावून येणार नाही, हा धडा घेऊन राज्यकर्त्यांनी दोन गोष्टींवर भर दिला. एक, स्वतःची क्षेपणास्त्रे. दुसरी, शत्रूला सीमेपासून दूरच थोपवणारे मित्रगट. १९८२ मध्ये इस्रायलने लेबनॉनवर स्वारी केल्यानंतर तिथे हिजबुल्ला ही शिया सशस्त्र संघटना उभी राहिली. २००३ नंतर इराकमधील शिया सशस्त्र गट आणि पुढे येमेनचे हूथी बंडखोर या मित्रगटांच्या साखळीत आले. युद्धकाळात इराणची बाजू घेणाऱ्या मोजक्या अरब राजवटींपैकी एक असलेला सीरिया हा तिचा मधला दुवा. ही साखळी इराणच्या क्रांतिरक्षक दलाची परदेशी कारवाया करणारी शाखा, कुद्स फोर्स, सांभाळी. तिचे सेनापती कासिम सुलेमानी ३ जानेवारी २०२० रोजी बगदादमध्ये अमेरिकी हल्ल्यात मारले गेले. इराण याला संरक्षण म्हणतो. पण सीरियाचे अध्यक्ष बशर असद यांची राजवट टिकवताना त्याची जबर किंमत सीरियाच्या सामान्य जनतेने मोजली, हेही नोंदवायला हवे.

या धोरणाला व्यवहाराचे भान नाही असे मात्र नाही. शियाबहुल अझरबैजान शेजारी असताना इराणने ख्रिस्ती आर्मेनियाशी सलोखा राखला. तालिबानच्या पाडावानंतर २००१ मध्ये जर्मनीत भरलेल्या बॉन परिषदेत नवे अफगाण सरकार घडवण्यास त्याने साहाय्य केले. तरी दोनच महिन्यांत अमेरिकी अध्यक्षांनी त्याची गणना ‘दुष्ट अक्षा’त, म्हणजे जगाला धोकादायक देशांच्या गटात, केली. मार्च २०२३ मध्ये चीनच्या मध्यस्थीने सौदी अरेबियाशी तुटलेले संबंध पुन्हा जोडण्याचे ठरले.

अमेरिका व इतर महासत्तांशी झालेल्या २०१५ च्या अणुकराराने युरेनियमच्या समृद्धीकरणावर (अण्वस्त्रांसाठी ते सुमारे ९० टक्के लागते) ३.६७ टक्क्यांची मर्यादा आली. २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली आणि इराण पुढे ६० टक्क्यांपर्यंत गेला. करार मोडल्याने वाटाघाटींचा आग्रह धरणारे नेते देशातच उघडे पडले.

मित्रगटांची साखळी तुटली ती झपाट्याने. सप्टेंबर २०२४ मध्ये हिजबुल्लाचे प्रमुख हसन नसरल्ला मारले गेले, डिसेंबरमध्ये असद देश सोडून पळाले. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने थेट इराणवर हल्ले सुरू केले. २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ व इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. जी लढाई सीमेबाहेर ठेवण्यासाठी चार दशके खर्ची पडली, ती घरात शिरली होती. १९८८ च्या वसंतात इराकी क्षेपणास्त्रांना भिऊन तेहरानकर शहर सोडून गेले होते. त्या जूनमध्येही उत्तरेकडे कॅस्पियन किनाऱ्याला जाणारे रस्ते सामानाने लादलेल्या मोटारींनी तुंबले.