विहीर उबदार, शेततळं गार

तयारी केली विहिरीत आणि शर्यत ठेवली शेततळ्यात. आमचं गणित तिथंच चुकलं.

शर्यत म्हणजे फार मोठं काही नव्हतं. लातूर-औसा भागातले आम्ही सात जण, सगळे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. कुणी मास्तर, कुणी मेडिकलवाला, एकजण ऊसवाला. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या, आदल्या रविवारी आपल्यापुरती एक छोटी ट्रायथलॉन करायची ठरली. ४०० मीटर पोहणं, लगेच १० किलोमीटर सायकल, लगेच अडीच किलोमीटर पळणं. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. तिथं १५०० मीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणं असतं. म्हणजे आमची शर्यत त्याच्या जेमतेम पाव. बक्षीस काही नाही, शेवटी येणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

‘हिवाळी ट्रायथलॉन’ या नावाचा एक अधिकृत खेळही आहे, पण त्यात पोहणं नसतंच. बर्फावर पळायचं, बर्फावरच जाड टायरची सायकल हाणायची आणि शेवटी स्कीइंग करायचं. त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९९७ साली स्पेनमधल्या हाका गावी झाली. आपल्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीत, नाहीतर गारपिटीत. त्यामुळे आमची हिवाळी ट्रायथलॉन पाण्यातूनच सुरू होणार होती.

सराव दोन महिने ऊसवाल्याच्या विहिरीत केला. डिसेंबरच्या पहाटे त्या विहिरीवर वाफ तरंगताना दिसायची आणि आत उतरलं की पाणी चक्क कोमट लागायचं. त्याचे वडील, आबा, काठावर घोंगडं पांघरून बसायचे आणि म्हणायचे, “हिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट अन् उन्हाळ्यात गार. देवाची करणी हाय ती.”

देवाची म्हणा किंवा इथल्या काळ्या बेसॉल्ट खडकाची, पण करणी आहे खरी. उन्हाळ्याची धग आणि हिवाळ्याचा गारठा जमिनीत फार खोल शिरत नाहीत. खडक आणि माती उष्णता इतकी हळू पुढे सरकवतात की साधारण १० ते १५ मीटर खाली वर्षभर तापमान जवळपास एकच राहतं, आणि ते त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं. मराठवाड्यात ही सरासरी पंचविशीच्या पुढे आहे. विहिरीत झिरपणारं पाणी त्याच खोलीवरून येतं. वर बांधीव भिंत वारा अडवते. शिवाय विहिरीच्या तळातून आकाशाचा तेवढा गोलच दिसतो, त्यामुळे रात्री निरभ्र आकाशाकडे निघून जाणारी उष्णताही मर्यादित राहते. पाणी बाराही महिने जवळपास तेच असतं. बदलते ती हवा, आणि हवेला सरावलेली आपली कातडी. वैशाखात ४२ अंशांतून आलेल्या माणसाला जे पाणी गार लागतं, तेच पौषात १० अंशांतून आलेल्याला ऊबदार वाटतं.

विहीर मात्र १० मीटर व्यासाची. ४०० मीटर पोहायचं तर जवळपास ४० वेळा भिंतीला हात लावून वळावं लागतं. म्हणून शर्यत शेजारच्या शेततळ्यात ठेवली, ३० बाय ३० मीटर, खोली तीन मीटर. हे तळं म्हणजे विहिरीच्या अगदी उलट. उथळ, उघडं, खाली प्लास्टिकचा कागद, म्हणजे भूजलाशी काडीचा संबंध नाही. रात्रभर अख्ख्या आकाशाकडे तोंड करून ते उष्णता सोडत बसतं. वरचा थर थंड झाला की जड होऊन खाली जातो, खालचा ऊबदार वर येतो, तोही थंड होतो. असं करत सगळं तळं गार पडतं. शर्यतीच्या सकाळी साडेसहाला मास्तरांनी शाळेचा थर्मामीटर बुडवला. विहीर २४ अंश, शेततळं १८. सहा अंशांनी असा काय फरक पडतो, असं म्हणत आम्ही उतरलो.

उतरलो म्हणजे मेडिकलवाल्यानं थेट मुटका मारला. वर आला तेव्हा त्याचा श्वास फुप्फुसात मावत नव्हता. शब्द फुटेना, नुसतं ‘हा, हा, हा’. आम्ही हसलो. हसायला नको होतं.

कातडीतले थंडीचे संवेदक पाणी किती थंड आहे यापेक्षा कातडी किती झपाट्यानं थंड झाली, हे जास्त मोठ्यानं ओरडून सांगतात. पाणी उष्णता वाहून नेण्यात हवेपेक्षा सुमारे २५ पट वाकबगार आहे, त्यामुळे एका क्षणात अख्ख्या कातडीचा आरडाओरडा मेंदूत पोहोचतो. उत्तर म्हणून एक खोल, अनावर श्वास आत ओढला जातो, मागोमाग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे सगळं शिगेला असतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. १०-१५ अंशांच्या पाण्यात त्याचा जोर सर्वांत जास्त, पण पंचविशीच्या खालीच त्याची सुरुवात होते. त्या पहिल्या श्वासाला तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं.

दुसरा धोका हृदयाचा. गार पाण्यात चेहरा बुडवला की शरीराची एक जुनी सवय जागी होते आणि नाडी मंद करते. बाकीच्या अंगाला बसलेला धक्का नाडी पळवत असतो. एकाच वेळी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबल्यासारखी ही ओढाताण काही हृदयांना झेपत नाही, ठोके बिघडतात. ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातले माइक टिप्टन यांनी गार पाण्याच्या या परिणामांवर अनेक वर्षं काम केलं आहे. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये घडलेल्या १३५ जीवघेण्या घटना संशोधकांनी तपासल्या, तेव्हा त्यातल्या ९० पोहताना घडलेल्या निघाल्या. चाळिशीतल्या गड्यांनी सायकलच्या टायरआधी डॉक्टरकडे छाती तपासून घ्यावी, असं मला तेव्हापासून वाटतं.

दिलासा इतकाच की या धक्क्याची सवय होते, आणि फार लवकर होते. गार पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्या वेगवेगळ्या दिवशी घेतल्या तरी धक्का जवळपास निम्मा होतो. आम्ही विहिरीत दोन महिने घातले, त्याऐवजी तळ्यात एक आठवडा घालायला हवा होता. शेततळ्याचा आणखी एक दगा या भागातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा: प्लास्टिकच्या ओल्या उतारावर पाय ठरत नाही, चांगला पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. आम्ही चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले होते, ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब टाकल्या होत्या आणि पोहायला न उतरलेला एकजण काठावर उभा होता. हे एक काम तरी आम्ही नीट केलं.

पोहण्याच्या तंत्राबद्दल फार बोलत नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले आम्ही सगळे डोकं वर काढूनच पोहतो. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते आणि माणूस पाण्यात नांगरासारखा चालतो.

आता खरी गंमत. थंडी आम्हाला पाण्यात वाजलीच नाही म्हटलं तरी चालेल. ती वाजली बाहेर आल्यावर.

अंगावर ओली बनियन, हवा १० अंश, पुढे सायकल. भिजलेल्या सुती बनियनमध्ये दीड-दोनशे ग्रॅम पाणी सहज राहतं. त्वचेवरच्या एका ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे १०० ग्रॅमला २४० किलोज्यूल, आणि ७० किलोच्या माणसाचं अख्खं शरीर एका अंशानं थंड करायला साधारण तेवढीच पुरते. यातली थोडी उष्णता हवेतून येते, सगळी अंगातून जात नाही, पण अंदाज येतो. धुकं असलं तरी सुटका नाही. १० अंशांची हवा बाष्पानं गच्च भरलेली असली तरी त्यात बाष्प थोडंच मावतं, आणि ३० अंशांच्या कातडीवरून ते तिच्याकडे जातच राहतं. त्यात २५ च्या वेगानं सायकल चालवली की कोरड्या चेहऱ्यालासुद्धा १० अंशांची हवा ७ अंशांची वाटते. ओल्या अंगाचा हिशेब कुठल्या कोष्टकात बसत नाही.

तरी दहा किलोमीटरमध्ये कुणी गोठत नाही. पायडल मारताना स्नायू जेवढं काम करतात त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता तयार करतात, त्यामुळे पोट-छाती गरम राहते. किंमत मोजतात ती बोटं. शरीर गाभा वाचवायला हातापायांकडचं रक्त आखडतं घेतं, आणि थंड झालेल्या नसांमधून संदेश रेंगाळत जातात, दर अंशामागे सेकंदाला दीड-दोन मीटरनं हळू. नियम असा की हेल्मेटचा बंद लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. खेळाडू हे सगळं मिनिटाच्या आत उरकतात. मी त्या प्लास्टिकच्या बकलाशी चार मिनिटं झटत होतो. शेवटी आबांनी लावून दिलं. “पाच वर्साच्या नातवाचं बी म्याच लावतो,” असंही वर ऐकवलं.

रस्त्यावर एक गोष्ट मात्र बघण्यासारखी होती, अंगानं बघण्यासारखी. माळावर हवा बरी, आणि रस्ता ओढ्याच्या पुलाकडे उतरला की अचानक गारठ्याच्या डोहात शिरल्यासारखं व्हायचं. पलीकडे चढ सुरू झाला की पुन्हा ऊब. हिवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्री जमीन आकाशाकडे उष्णता सोडून गार पडते, तिला चिकटलेली हवाही गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी वाहत खोलगट भागात साचते. वर ऊबदार, खाली थंड, असा उलटा थर. मोटारसायकलवर जॅकेटात हे कळतं, पण ओल्या बनियनमध्ये सायकलवर त्या थराची कडसुद्धा बोटानं दाखवता येते.

सायकलवरून उतरून पळायला लागलं की पहिला अर्धा किलोमीटर पाय दुसऱ्याचेच असतात. अर्धा तास मांड्या कंबरेत वाकून गोल फिरत होत्या. मेंदूनं बसवलेली ती चाल उतरल्याबरोबर पुसली जात नाही. आमच्या बाबतीत तळवेही बधिर होते, त्यामुळे काळ्या मातीच्या पायवाटेवर ढेकूळ लागलं की नुसता आवाज यायचा, स्पर्श नाही.

शेवटी आला मेडिकलवाला. पोहताना गेलेला दम त्याला परत मिळालाच नव्हता. चहा त्याच्याकडे होता, चुलीवर तयार होता. तो आला तेव्हा ठीक होता, घामेजलेला, हसत होता. दहा मिनिटांनी थडथड उडायला लागला. पळणं थांबलं की स्नायूंची भट्टी विझते, आणि आखडलेल्या हातापायांचा गारठा आत उतरत राहतो, म्हणून गाभ्याचं तापमान थांबल्यावरही काही काळ घसरतं. ओली बनियन त्याच्या अंगावर अजून तशीच होती. आबांनी ती ओढून काढली, आपलं घोंगडं त्याच्यावर टाकलं आणि म्हणाले, “कशाला जीव धोक्यात घालायलाव रे पोरांनो?” त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण दातावर दात वाजत होते, आणि कपातला अर्धा चहा बशीत आला होता.