ऐकू न येणारं मूल भाषा कसं शिकतं? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मूल कर्णबधिर आहे हे कळल्यावर आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: हा बोलेल का? प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही. हा बोलू लागेपर्यंतची तीन-चार वर्षं आपण याच्याशी बोलायचं कशाने? गेल्या साठ वर्षांतलं संशोधन या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतं. त्याआधीची दोन हजार वर्षं मात्र पहिल्यातच गेली, आणि वाद त्यातूनच उभा राहिला: अशा मुलाला बोलायलाच शिकवायचं, की खुणांच्या भाषेतून शिकवायचं?

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करावी लागते. जन्मतः एखादं इंद्रिय नसलेल्यांमध्ये आंधळे हे मुक्या-बहिऱ्यांपेक्षा अधिक बुद्धिमान असतात, असं त्याने लिहून ठेवलं. त्यामागचा तर्क अगदीच वेडगळ नव्हता. ज्ञान शब्दांतून येतं, शब्द कानांतून येतात, म्हणून कान हे शिकण्याचं दार. पुढे सहाव्या शतकातल्या जस्टिनियनच्या रोमन कायद्याने जन्मतः मूक-बधिर असलेल्यांना कायदेशीर व्यवहारांपासून दूर ठेवलं, पण ज्या बहिऱ्याला लिहिता-वाचता येतं त्याला हक्क दिले. म्हणजे फरक कशाने पडतो याची अंधूक जाणीव त्या कायद्यालाही होती. तिचा पाठपुरावा मात्र हजार वर्षं कोणी केला नाही.

सोळाव्या शतकात स्पेनमधल्या ओन्या इथल्या मठात पेद्रो पोन्से दे लिऑन या साधूने वेलास्को या उमराव घराण्यातल्या कर्णबधिर मुलांना लिहायला, वाचायला आणि थोडंफार बोलायला शिकवलं. बहिऱ्याला शिकवता येत नाही, ही समजूत तिथे प्रत्यक्ष मोडली. १६२० मध्ये हुआन पाब्लो बोनेत याचं या विषयावरचं पुस्तक छापून आलं आणि त्यात एका हाताने काढायची मुळाक्षरं होती. पण हे सगळं श्रीमंतांच्या घरचं, एकेका मुलापुरतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये ॲबे द लेपे यांनी गरीब कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा अशी मुलं प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. लेपेंचं श्रेय मोठं आहे, पण खुणांची भाषा त्यांनी शोधली ही दंतकथा. पॅरिसच्या रस्त्यांवर ती आधीपासून होती. याचा साक्षीदार पिएर देलोज. लहानपणी देवी येऊन त्याची श्रवणशक्ती गेली आणि मोठेपणी तो पुस्तकबांधणीचं काम करायचा. ऐन तारुण्यात त्याला दुसऱ्या एका कर्णबधिर माणसाकडून ही भाषा मिळाली, आणि १७७९ मध्ये त्याने तिच्या बाजूने पुस्तकच लिहिलं. आम्ही आपसात खुणांनी सगळ्या विषयांवर बोलतो, हे त्याचं म्हणणं. कर्णबधिर माणसाने या वादात छापील उत्तर दिल्याचं हे फार जुनं उदाहरण, आणि ते विद्वानांच्या चर्चेत जवळजवळ हरवून गेलं.

लेपेंच्याच शाळेत घडलेला लोरॉं क्लेर हा कर्णबधिर शिक्षक थॉमस गॅलॉडेट यांच्याबरोबर अमेरिकेला गेला आणि १८१७ मध्ये हार्टफर्डला शाळा सुरू झाली. तिथे शिकायला आलेल्यांत मार्थाज व्हिनयार्ड बेटावरची मुलंही होती. या बेटावर आनुवंशिक बहिरेपण इतकं सर्रास होतं की ऐकू येणारे शेजारीही खुणांनी बोलत. तिथली कर्णबधिर माणसं शेती करत, मासेमारी करत, लग्नं करत, गावच्या कारभारात भाग घेत. ॲरिस्टॉटलच्या तर्काला एका बेटाने दिलेलं हे उत्तर होतं, पण ते बेटापुरतंच राहिलं.

मग १८८० उजाडलं. त्या सप्टेंबरात मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. जमलेल्या १६४ प्रतिनिधींमध्ये स्वतः कर्णबधिर असलेला एकच होता. बोलणं हे खुणांपेक्षा निर्विवाद श्रेष्ठ आहे, म्हणून शाळांमध्ये शुद्ध मौखिक पद्धतच असावी, असा ठराव मोठ्या बहुमताने झाला. अमेरिकन शिष्टमंडळाने विरोध केला, पण निकाल बदलला नाही. त्यानंतरच्या दशकांत शाळाशाळांतून खुणा हद्दपार झाल्या आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. वर्गात हात हलवले म्हणून मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. तासन् तास आरशासमोर ओठांची हालचाल, गालावर हात ठेवून शिक्षिकेच्या आवाजाची कंपनं, मेणबत्तीची ज्योत हलेल असा ‘प’. यातून काही मुलं बोलायला शिकलीही. बहुतेक अशी मुलं भाषा कानावर पडल्यानंतर बहिरी झालेली होती किंवा त्यांना थोडं ऐकू येत होतं, आणि मिरवायला तीच पुढे केली जात. बाकीच्यांचं काय झालं, ते १९७९ मध्ये रूबेन कॉनराड यांनी इंग्लंड-वेल्समधल्या शाळा सोडणाऱ्या कर्णबधिर मुलांच्या पाहणीतून दाखवलं. पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलांची वाचनक्षमता मध्यमानाने नऊ वर्षांच्या मुलाइतकी होती. मिलानच्या त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावं लागलं. तो व्हँकुव्हरला, त्याच परिषदेच्या नंतरच्या एका अधिवेशनात व्यक्त झाला.

या काळात बुद्धीच्या चाचण्या करणाऱ्यांनीही गोंधळात भर घातली. ऐकणाऱ्या मुलांसाठी रचलेल्या शाब्दिक चाचण्या कर्णबधिर मुलांना द्यायच्या, त्यात ती मागे पडली की बुद्धी कमी असा निष्कर्ष काढायचा. बिनशब्दांच्या चाचण्या आल्यावर हे अंतर बरंचसं आटलं.

कलाटणी मिळाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. विल्यम स्टोको हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात शिकवायला आले. विद्यार्थ्यांचे हात पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं की या खुणा म्हणजे हवेत काढलेली चित्रं नाहीत. प्रत्येक खुणेचे सुटे घटक पाडता येतात: हाताचा आकार, जागा आणि हालचाल. यातला एक बदलला की अर्थ बदलतो, जसा ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांत एका व्यंजनाने बदलतो. १९६० मध्ये त्यांनी हे मांडलं तेव्हा सहकारी हसले, त्यांत काही कर्णबधिरही होते. आपण जे वापरतो ती ‘खरी’ भाषा नव्हे, हे त्यांच्याही मनावर पिढ्यान् पिढ्या बिंबवलेलं होतं. पुढे एडवर्ड क्लिमा आणि अर्सुला बेलुगी यांच्या कामाने व्याकरणाची बाजू पक्की केली आणि मुद्दा निकालात निघाला.

आता खरा रंजक भाग: बाळं. कर्णबधिर आईवडिलांच्या पोटी जन्मलेलं कर्णबधिर मूल हा संशोधकांच्या दृष्टीने निसर्गाने मांडलेला प्रयोगच, कारण त्याला पहिल्या दिवसापासून डोळ्यांना दिसणारी पूर्ण भाषा मिळते. १९९१ मध्ये लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी दाखवलं की अशी बाळं दहाव्या महिन्याच्या सुमारास हातांनी ‘बडबडतात’. ऐकणारं बाळ ‘बाबाबा’ करतं तसा एखादा हस्ताकार तालात पुन्हापुन्हा, अर्थाशिवाय. नमुना अगदी लहान होता, दोन कर्णबधिर आणि तीन ऐकणारी बाळं, त्यामुळे आक्षेपही आले. पण २००१ मध्ये पेटिटो यांच्या गटाने बाळांच्या हातांवर संवेदक लावून मोजमाप केलं, तेव्हा खुणांच्या घरात वाढणाऱ्या बाळांच्या हातांत दोन वेगळ्या लयी सापडल्या. एक सगळ्याच बाळांची जलद हातवाऱ्यांची, आणि दुसरी संथ, सेकंदाला साधारण एक आवर्तन, छातीसमोरच्या जागेत. ही दुसरी म्हणजे बडबड.

अशा घरातल्या आईचं वागणं जवळून पाहण्यासारखं असतं. बाळ चेंडूकडे पाहत असेल तर ती घाई करत नाही. त्याची नजर आपल्याकडे वळायची वाट पाहते, नाहीतर हळूच थोपटते, नाहीतर सरळ चेंडूपाशी हात नेऊन त्याच्या नजरेच्या टप्प्यात ‘चेंडू’ची खूण करते. खुणा संथ, मोठ्या, पुन्हापुन्हा. कधीकधी खूण बाळाच्याच अंगावर केली जाते. अमेरिकन खुणांच्या भाषेत भुवया आक्रसणं हा प्रश्नाच्या व्याकरणाचा भाग आहे. पण पहिली दोन वर्षं या आया बाळाशी बोलताना तो बहुतांशी टाळतात, असं जूडी रायली आणि बेलुगी यांना आढळलं, कारण तान्ह्याला तो चेहरा रागाचा वाटेल. म्हणजे बाळासाठी आई व्याकरणालाही थोडी मुरड घालते. भाषा कोणत्याही माध्यमातली असो, लाड तेच.

आणि एक गंमत. ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या खुणा म्हणजे निव्वळ बोट दाखवणं. यात चुकण्यासारखं काय आहे? तरी पेटिटो यांनी पाहिलेल्या मुलांनी आधी बोट दाखवलं, मग काही महिने माणसांकडे बोट दाखवणंच थांबवलं, आणि दोन वर्षांच्या आसपास ‘मी’ म्हणायचं तिथे समोरच्याकडे बोट केलं. बोलणारी मुलं ‘मी-तू’मध्ये घोळ घालतात तो याच वयात. हावभाव आणि भाषा मेंदूच्या लेखी वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्वच्छपणे क्वचितच दिसतं.

पण अशी मुलं थोडी. नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात, जिथे खुणांची भाषा कोणालाच येत नसते. सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९७० च्या दशकापासून अशा मुलांचा माग ठेवला. या मुलांनी घरापुरत्या खुणा स्वतःच रचल्या होत्या आणि त्यांत क्रम, जोडण्या, एक प्रकारची वाक्यं होती, जी त्यांच्या आयांच्या हावभावांतही नव्हती. भाषेची ओढ किती चिवट असते याचा हा पुरावा. पण एकट्याने रचलेली घरगुती पद्धत एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, हाही.

ती मर्यादा ओलांडली जाताना जगाने मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात पाहिली. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात विशेष मुलांची शाळा सुरू झाली, १९७९ च्या क्रांतीनंतर ती वाढली, व्यावसायिक शाळा निघाली आणि शेकडो कर्णबधिर मुलं एकत्र आली. वर्गात शिक्षक स्पॅनिशचं ओठवाचन शिकवत होते आणि फारसं काही साधत नव्हतं. मैदानात आणि बसमध्ये मुलांनी आपापल्या घरगुती खुणा एकमेकांत मिसळल्या. १९८६ मध्ये शिक्षण खात्याने भाषाशास्त्रज्ञ जूडी केगल यांना बोलावलं, तोवर धाकटी मुलं मोठ्यांपेक्षा सफाईने बोलू लागली होती. ॲन सेनघस यांच्या गटाने २००४ मध्ये हे नेमकेपणाने दाखवलं. उतारावरून गडगडत जाणारा प्राणी दाखवायचा तर पहिल्या तुकडीतले लोक गडगडणं आणि खाली जाणं एकाच हालचालीत दाखवत, जसं ऐकणारा माणूस हातवारे करताना दाखवतो. पुढच्या तुकड्यांनी ते दोन खुणांत तोडलं: आधी ‘गडगड’, मग ‘खाली’. एकसंध दृश्याचे तुकडे पाडून ते क्रमाने मांडणं हे भाषेचं काम, आणि ते केलं मुलांनी.

विचारांबद्दलचा जुना प्रश्नही इथेच नव्याने उघडला. १९६६ मध्ये हान्स फर्थ यांनी कर्णबधिर मुलांवर, मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या धर्तीचे प्रयोग करून भाषेविना विचार शक्य असल्याचं मांडलं. त्यांनी तपासलेल्या मुलांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून भाषाच येत नव्हती, हे गृहीत मात्र कच्चं होतं. त्यांतल्या अनेकांना खुणा येत होत्या. १९९५ मध्ये कँडिडा पीटरसन आणि मायकल सीगल यांना आढळलं की दुसऱ्याच्या मनातला चुकीचा समज ओळखण्याच्या सोप्या चाचणीत ऐकणाऱ्या घरांतली बरीच कर्णबधिर मुलं मोठ्या वयातही अडखळतात. एका मुलाने खेळणं एका जागी ठेवलं, त्याच्यामागे कोणी ते हलवलं, तर तो परतल्यावर कुठे शोधेल? पुढच्या अभ्यासांत कर्णबधिर आईवडिलांची कर्णबधिर मुलं यात ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने निघाली. म्हणजे दोष बहिरेपणाचा नव्हता. निकाराग्वातल्या पहिल्या तुकडीतले तरुणही आधी या चाचणीत अडखळले. दोन वर्षांनी, ‘वाटणं’, ‘माहीत असणं’ यांसारखी क्रियापदं धाकट्यांच्या संगतीत त्यांच्या बोलण्यात आल्यावर, त्यांना ती जमू लागली. जेनी पायर्स आणि सेनघस यांचा हा २००९ चा अभ्यास मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो.

वयाचा मुद्दा रेचल मेबेरी यांनी २००२ मध्ये मांडला. नऊ ते पंधराव्या वर्षांत खुणा शिकलेल्या कर्णबधिर प्रौढांचे दोन गट होते. एका गटाने लहानपणी बोली भाषा ऐकली होती आणि मग श्रवण गमावलं होतं. दुसरा गट जन्मतः बहिरा, आधी कोणतीच भाषा नीट न मिळालेला. पहिला गट खुणांच्या व्याकरणात बऱ्यापैकी तरबेज झाला, दुसरा झाला नाही. पहिल्या वर्षांत भाषा कोणती मिळाली यापेक्षा ती मिळाली की नाही, यावर पुढची भाषा उभी राहते.

आजच्या वादाला तंत्रज्ञानाने धार आणली. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं श्रवणाचं उपकरण, अमेरिकेत मोठ्यांसाठी १९८४ मध्ये आणि दोन वर्षांवरच्या मुलांसाठी १९९० मध्ये मंजूर झालं. अनेक मुलं त्याने छान बोलतात, काहींना थोडाच फायदा होतो, आणि कोणाला किती हे आधी सांगता येत नाही. नवजात बाळांची श्रवणचाचणी रूढ होण्याआधी बहिरेपण लक्षात यायला अनेकदा दोन-अडीच वर्षं लागत. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेली मुलं भाषेत पुढे राहतात, मग घरातली पद्धत खुणांची असो वा बोलण्याची, हे क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी १९९८ मध्ये दाखवलं. तरीही ‘खुणा शिकवल्या तर मूल बोलण्याचा आळस करेल’ हा सल्ला अजून दिला जातो, आणि त्यात मिलानचाच सूर ऐकू येतो.

आई-बाबांना स्वतःलाच खुणा येत नसतील तर शिकवणार कोण, ही अडचण खरी आहे. तिच्यावर २०२१ मध्ये नाओमी कॅसेली, पायर्स आणि ॲमी लीबरमन यांचा अभ्यास आला. ऐकणाऱ्या आईवडिलांची जी कर्णबधिर मुलं सहा महिन्यांच्या आत अमेरिकन खुणांच्या भाषेच्या संपर्कात आली, त्यांचा शब्दसंग्रह कर्णबधिर घरातल्या मुलांसारखाच वयानुरूप वाढत गेला. त्यांच्या आईवडिलांना ती भाषा जन्मापासून येत नव्हती, तरीही.